बिबट्या, वानरं आणि बीड : ऐकीव किती, खरं किती

‘वानरांनी कुत्र्यांचा सूड घेतला’

माजलगाव तालुक्यातलं लवूळ डिसेंबर २०२१ मध्ये जगभर गाजलं. कुत्र्यांनी वानराचं पिल्लू मारलं, म्हणून वानरांनी कुत्र्यांची अडीचशे पिल्लं उंचावरून फेकून मारली, अशी बातमी होती. परदेशी वाहिन्यांनी त्याचं टोळीयुद्ध केलं, आपल्याकडे मीम फिरले. वानरं पिल्लं उचलून झाडांवर, घरांच्या छतांवर नेत होती आणि त्यातली काही मरत होती, एवढं खरं. अडीचशेचा आकडा मात्र सांगण्यातून आला, मोजणीतून नव्हे.

वानर हा पाला, शेंगा, फळं खाणारा प्राणी. त्याला कुत्र्याच्या पिल्लाचं मांस नको असतं. कळपातल्या माद्या एकमेकींची पिल्लं घेऊन फिरतात आणि कधीकधी दुसऱ्याच प्राण्याचं पिल्लूही उचलतात. वानराचं पोर आईच्या पोटाला घट्ट धरून बसतं. कुत्र्याच्या पिल्लाच्या पंजांना ती पकडच नाही. शिवाय वर दूध मिळत नाही. मग ते पडून मरतं किंवा भुकेनं. सूड म्हणजे आधीची घटना लक्षात ठेवून हिशेब चुकता करणं, आणि लवूळच्या वानरांनी असं काही केल्याचा पुरावा नाही. नागपूरहून आलेल्या वनखात्याच्या पथकानं दोन वानरं पकडून नेली. तेवढ्यावर ते जागतिक महायुद्ध संपलं.

‘बिबट्या जंगल सोडून गावात घुसला’

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. नोव्हेंबर २०२० च्या शेवटच्या आठवड्यात आष्टी तालुक्यात सुरुडी, किन्ही आणि पारगाव जोगेश्वरीच्या शिवारात बिबट्यानं तीन माणसं मारली. त्यात एक दहा वर्षांचं पोरगं होतं. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यात आणखी तीन बळी गेले. रब्बीला रात्री पाणी द्यायला जाणारी माणसं घरात बसली. विजेचं वेळापत्रक रात्रीचं आणि बिबट्याचंही रात्रीचं.

‘घुसला’ म्हणताना आपण धरून चालतो की त्याचं घर कुठंतरी दाट जंगलात आहे. बीडमध्ये बालाघाटच्या डोंगररांगा सोडल्या तर तसं जंगल आहेच कुठं? बिबट्याला लपायला आडोसा, प्यायला पाणी आणि खायला काहीतरी लागतं. वर्षभर उभा राहणारा ऊस, शेजारी कालवा नाहीतर विहीर आणि वस्तीभोवती मोकाट कुत्री असली की तिन्हीची सोय होते. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांनी तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या अकोले भागात कॅमेरे लावून पाहिलं, तेव्हा माणसांनी गजबजलेल्या त्या शेतीपट्ट्यात दर शंभर चौरस किलोमीटरमागे पाचेक प्रौढ बिबटे निघाले. तिथल्या बिबट्यांचा आहारही तपासला गेला. कुत्र्यांपेक्षा शेळ्या सातपट जास्त असूनही वजनाच्या हिशेबानं बिबट्यांच्या खाण्यात कुत्री सुमारे ३९ टक्के आणि शेळ्या ११ टक्के होत्या. शेळीला माणूस रात्री कोंडतो, कुत्र्याला कोण कोंडणार? गावाबाहेर कोंबड्यांची घाण आणि लग्नातलं उष्टं टाकणारे आपणच कुत्री पोसतो आणि कुत्र्यांमागून जे येतं त्याच्या नावानं बोंब मारतो.

‘पकडा आणि लांब नेऊन सोडा’

बिबट्या दिसला की सरपंचापासून आमदारापर्यंत सगळे पिंजरा मागतात. मागणी समजण्यासारखी आहे, पण जुन्नरला हा प्रयोग होऊन गेला आहे. २००१ पासून तिथं बरेच बिबटे धरून दुसरीकडे सोडले. आधी माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले व्हायचे. बिबटे हलवण्याच्या त्या वर्षांत ते सरासरी सतरापर्यंत गेले. परक्या मुलखात टाकलेला, पिंजऱ्यात दात-नखं दुखावलेला, माणसाच्या गोंगाटानं बिथरलेला प्राणी सोडल्या जागी गुमान राहत नाही. तो परत घराकडे निघतो आणि वाटेत अनोळखी गावं लागतात. इकडे त्याची रिकामी जागा दुसरा तरुण बिबट्या घेतो. माणसाला हात न लावलेला बिबट्या केवळ दिसला म्हणून धरणं, हे गावाच्या सुरक्षेच्या दृष्टीनंही उलटं पडू शकतं.

‘कायदा जनावराचा, माणसाला वाली नाही’

आष्टीच्या दिवसांत हे वाक्य प्रत्येक पारावर ऐकू यायचं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात कलम ११ आहे. बिबट्यासारखा पहिल्या अनुसूचीतला प्राणी माणसाच्या जिवाला धोकादायक झाला तर राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक त्याला मारायचा लेखी आदेश देऊ शकतात. अट एवढीच की तो जिवंत पकडता, बेशुद्ध करता किंवा हलवता येत नाही याची त्यांची खात्री झाली पाहिजे आणि कारणं कागदावर आली पाहिजेत. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना प्रामाणिकपणे प्राणी मेला, तर तो गुन्हा नाही, हेही त्याच कलमात आहे. बिबट्याच्या हल्ल्यात माणूस गेला तर राज्य सरकार वारसांना मदत देतं. २०२३ पासून ती २५ लाख रुपये आहे. पैशानं माणूस परत येत नाही, पण हा हक्क आहे आणि तो मागायला लाजू नये.

आष्टी-करमाळ्याच्या बिबट्याला मारायचा तसा आदेश निघाला आणि १८ डिसेंबर २०२० रोजी करमाळा तालुक्यात वांगी-बिटरगावच्या शिवारात त्या बिबट्याला गोळी घातली गेली. तो गोळीबार मला अनैतिक वाटत नाही. लागोपाठ माणसं मारणाऱ्या जनावरापुढं लोकांना ‘सहजीवन’ शिकवणं हा क्रूरपणा ठरला असता. माझा आक्षेप वेगळा आहे. मारायचा तोच मारला पाहिजे. ठसे पाहून ‘हाच तो’ म्हणणं फसवं असतं. प्रत्येक बिबट्याच्या अंगावरच्या ठिपक्यांची नक्षी वेगळी असते, म्हणून कॅमेऱ्यातला फोटो ओळख पटवतो. मृताच्या जखमेवर राहिलेल्या लाळेतून डीएनए मिळतो. त्यासाठी तो नमुना जखम धुण्याआधी घ्यावा लागतो. मृतदेहाभोवती पाचशे माणसं जमली, मोबाइल निघाले, रास्ता रोको झाला, की पहिला पुरावा तिथंच जातो.

‘मग बेशुद्धीचं इंजेक्शन का मारत नाहीत?’ हाही नेहमीचा सवाल. सिनेमात बाण लागला की वाघ आडवा होतो. प्रत्यक्षात औषध चढायला बरीच मिनिटं जातात, वजनाचा अंदाज चुकला तर आणखी. तोवर बिबट्या उसात शिरतो. रात्री, दोन पुरुष उंचीच्या फडात, अर्धवट गुंगीतल्या बिबट्यामागं जायला कोण तयार होईल?

‘अमेरिकेत अस्वलांची परवान्यानं शिकार होते, मग इथं का नाही?’

तिथं होते हे खरं. काही राज्यांत काळ्या अस्वलांच्या शिकारीचा हंगाम ठरतो. न्यू जर्सीत ती २०२२ मध्ये वाद होऊनही पुन्हा सुरू झाली. आपल्याकडे परवान्याच्या शिकारीची दारं १९९१ च्या दुरुस्तीनं बंद झाली. आपलं अस्वल विदर्भाच्या जंगलांत आहे, बीडमध्ये नाही, आणि तेही पहिल्या अनुसूचीत आहे. बीडमध्ये प्रश्न काळविटाचा, मोराचा, सशाचा. जाळी लावून हरीण मारणं ही कुणाची परंपरा नाही, तो तुरुंगात नेणारा गुन्हा आहे : पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यासाठी किमान तीन वर्षं. पीक खाणाऱ्या रानडुकराबद्दलची तक्रार रास्त आहे, पण तिचं उत्तर परवानगीचा अर्ज आणि नुकसानभरपाई. कुंपणात चोरून सोडलेला वीजप्रवाह हे उत्तर नव्हे. त्यानं शेजारचा गडीही मरतो.

‘फडात सापडलेली पिल्लं आईनं टाकलेली असतात’

हा गैरसमज बीडच्या माणसाला सगळ्यात जवळचा, कारण ऊस तोडायला जुन्नर, शिरूर, नगरकडे जाणारे कोयते आपल्याच जिल्ह्यातले. तोड सुरू असताना पाचटाखाली मांजरीएवढी दोन-तीन पिल्लं दिसतात. कोणी मांडीवर घेतं, कोणी फोटो काढतं. आई त्या वेळी बहुधा शेजारच्या फडातच असते. कोयत्यांच्या आवाजानं बाजूला सरलेली. तोड थांबवून मुकादमाला सांगायचं आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करायचा. जुन्नर भागात वनखातं आणि माणिकडोहच्या निवारा केंद्राचे पशुवैद्य पिल्लं तपासून संध्याकाळी त्याच जागी खोक्यात ठेवतात, आणि रात्री आई येऊन एकेक उचलून नेते. पिल्लं उचलून नेली तर चवताळलेली मादी त्याच फडाभोवती फिरत राहते, जिथं सकाळी पुन्हा कोयता चालणार आहे.

त्याच फडाच्या कडेला पाचटाची नाहीतर ताडपत्रीची कोपी असते. दार नसतं, दिवा नसतो, पहाटे अंधारात बाईमाणसाला उसाच्या कडेला बसावं लागतं. वाकलेला किंवा बसलेला माणूस बिबट्याला माणसासारखा दिसत नाही, म्हणून अशाच वेळी हल्ल्याचा धोका जास्त. गोळी घालायची की नाही यावर वाहिन्यांवर तासन्‌तास चर्चा होते. कोपीला दिवा, शेजारी शौचालय आणि आई तोडीला गेल्यावर लेकरांना सांभाळणारं कुणी, हे काम कारखान्याचं आहे आणि त्याला मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागत नाही.