जुन्या टेंपोचा धूर

गणपति विसर्जन झाले कीं आमच्या मुलुंडच्या घरीं दिवाळीच्या फराळाची भाषा सुरू होते. आमचें कुटुंब मोठें. तीन पिढ्या एका छपराखालीं नांदतात, आणि चरितार्थाचा अर्धा भार मेतकूट, भाजणी, चकल्या व अनारसे यांवर आहे. हा माल घाटकोपर, पार्ले, दादरपर्यंतच्या दुकानांत पोंचविण्याचें काम एक डिझेलचा पिकअप टेंपो गेलीं बारा-तेरा वर्षें इमानानें करीत आला. गेल्या वर्षीं मात्र ऐन हंगामाच्या तोंडावर त्यानें अशी कांहीं धूम्रवृत्ति धरली कीं, सकाळीं तो अंगणांत सुरू होतांच आजीच्या वाळत घातलेल्या सोवळ्यावर काजळीचे ठिपके उमटूं लागले, आणि तळमजल्यावर दम्यानें आजारी असलेल्या आमच्या आत्याबाईंच्या खोलीची खिडकी दुपारपर्यंत बंद ठेवावी लागली.

धुराच्या तपासणींत टेंपो नापास झाला, यांत नवल नव्हतें. या तपासणींत इंजिनास उभ्या उभ्या एकदम वेग देतात आणि निघणारा धूर प्रकाश किती अडवितो तें यंत्रानें मोजतात. भारत-चार श्रेणीच्या गाडीस ही मर्यादा १.६२ आहे, तिच्या आधींच्या गाड्यांस २.४५. आमची गाडी भारत-चारची. आंकडा जुन्या गाड्यांच्या मर्यादेच्याहि वर गेला होता. व्यापारी वाहन आठ वर्षांचें झालें कीं दरसाल योग्यतेचा दाखला घ्यावा लागतो, आणि आमच्या बाजूच्या गाड्यांस त्यासाठीं वडाळ्याची कचेरी. दाखल्याची मुदत नवरात्रांत संपणार होती. टेंपो अडला तर फराळ अडला, आणि आमच्या घरीं बारा वर्षें मीठभाकरी खाल्लेल्या चालकाचें कामहि अडलें.

जवळच्या एका गॅरेजांत गाडी दाखविली. तेथील गृहस्थांनीं बॉनेट उघडून पांच मिनिटांत निदान केलें. “ईजीआर बंद करूं, कॅट काढून सरळ पाइप टाकूं, कॉम्प्युटरमध्यें थोडा फेरफार करूं. धूर जाईल, गाडी घोड्यासारखी पळेल, दोन दिवसांत नेऊन जा.” खर्चहि बेताचा सांगितला. आमचे थोरले काका खुष झाले. हिशेबाची वही त्यांचेकडे असते, तेव्हां त्यांचा आनंद आम्हांस समजण्यासारखा होता.

येथें वाचकांस दोन शब्दांचा खुलासा केला पाहिजे. ईजीआर म्हणजे इंजिनांतून बाहेर पडणाऱ्या वायूंपैकीं कांहीं भाग पुन्हां आंत नेणारी झडप. या जळक्या वायूंत प्राणवायु थोडा, म्हणून त्यांच्या मिसळण्यानें ज्वलनाची उष्णता कमी राहते. कॅट म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर: मधाच्या पोळ्यासारख्या बारीक भोंकांचा एक ठोकळा. त्याच्या अंगावर प्लॅटिनमसारख्या मौल्यवान धातूंचा पातळ लेप असतो. धूर त्यांतून जातांना कार्बन मोनॉक्साइड व अर्धवट जळलेलें इंधन यांचें पुढें ज्वलन होऊन बहुतांशीं कर्बवायु व पाणी बनतें. पेट्रोलच्या गाड्यांना हें यंत्र मुंबईसह चार महानगरांत १९९५ सालीं आलें, आणि त्याच सालीं येथें शिशाविरहित पेट्रोल मिळूं लागलें. कारण शिसें या लेपाचें वैरी. डिझेलमधील गंधकहि त्यास सोसत नाहीं. भारत-चारच्या वेळीं दशलक्ष भागांत ५० भाग असलेला गंधक २०२० पासून १० भागांवर आणला, त्यामागें हेंच कारण होतें.

रात्रीं पानें आटोपल्यावर ओटीवर बैठक बसली. काकांचें म्हणणें सरळ होतें. “सोवळ्यावर काजळी नको, दाखला पाहिजे, गाडी चढावर दमतां कामा नये. तिन्ही गोष्टी होत असतील तर आंतलें एखादें भांडें काढलें म्हणून कोणाचें काय गेलें?”

आमच्या वहिनी शाळेंत रसायनशास्त्र शिकवितात. त्या सहसा वादांत पडत नाहींत. त्या रात्रीं पडल्या. त्या म्हणाल्या कीं, गॅरेजवाल्याचें बोलणें खोटें नाहीं. ईजीआर बंद केली कीं इंजिनास शुद्ध हवा अधिक मिळते, काजळी कमी होते आणि ओढहि वाढते. पण त्याच वेळीं आंतली उष्णता वाढते, व त्या उष्णतेंत हवेंतलाच नायट्रोजन प्राणवायूशीं संयोग पावून नायट्रोजनचीं ऑक्साइडें होतात. तीं नळीतून निघतांना डोळ्यांस दिसत नाहींत. उन्हांत इतर वायूंबरोबर त्यांचा ओझोन होतो, आणि दोन्ही श्वासनलिकेस जाचक. “आणि भावोजी,” त्या आमच्याकडे वळून म्हणाल्या, “डिझेलच्या तपासणींत मोजतात तो फक्त धुराचा काळेपणा. हे वायु मोजीतच नाहींत. म्हणजे गाडी पास होईल, सोवळें स्वच्छ राहील, आणि आत्याबाईंची खोली मात्र होती तशीच.”

काकांना हें पटेना. जें दिसत नाहीं त्याचा बाऊ कशाला, हा त्यांचा सवाल. तेव्हां वहिनींनीं आजीस विचारलें, “आजी, बाळंतिणीच्या खोलींत शेगडी केव्हां नेत असत?”

“धूर सरल्यावर. निखारे लाल झाले म्हणजे.”

“आणि दार लावून घेतलें तर?”

आजी गप्प राहिल्या. नव्वदीच्या घरांतल्या बाईस हें ठाऊक नव्हतें असें नाहीं. लाल निखाऱ्यांस धूर नसतो, पण बंद खोलींत त्यांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड माणसास झोपेंतच नेतो. बैठकींतला वाद खरें म्हणजे तेथेंच संपला. काका दोन दिवस घुमे राहिले, इतकेंच.

शेगडीवरून आजींना आणखी एक गोष्ट आठवली, ती येथें नोंदविल्यावांचून राहवत नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत, १९४१ सालीं पेट्रोलवर नियंत्रण आल्यावर, आपल्याकडील कित्येक बसगाड्या व लॉऱ्या कोळशाच्या गॅसवर चालत. गाडीच्या मागें भट्टी बसवीत, तींत लोणारी कोळसा अपुऱ्या हवेंत जाळीत, आणि निघणारा गॅस गाळून इंजिनास देत. त्या गॅसमधला मुख्य जळाऊ भाग म्हणजे हाच कार्बन मोनॉक्साइड. गाडीची ताकद इतकी घटे कीं चढण आली म्हणजे उतारूंनीं खालीं उतरून चालावें. आजी लहानपणीं सातारच्या बाजूस अशा गाडींतून गेल्या आहेत. भट्टी ढोसणाऱ्या पोऱ्याचें काळें तोंड त्यांना अजून दिसतें. तेव्हां जुन्या इंजिनास नवें इंधन पाजणें हें आपल्या घरांना अगदींच अपरिचित नाहीं.

हाच धागा धरून आमच्या अभियांत्रिकी शिकणाऱ्या पुतण्यानें सीएनजीची सूचना आणली. मुंबईच्या टॅक्सींचें उदाहरण त्याच्या ओठांवर होतें, आणि तें बोलकें आहेच. येथील धुरानें त्रासलेल्या नागरिकांची याचिका १९९९ सालीं मुंबई उच्च न्यायालयापुढें आली. न्यायालयाच्या आदेशानें तेव्हांचे परिवहन आयुक्त व्ही. एम. लाल यांच्या अध्यक्षतेखालीं समिति बसली, आणि पुढें जुन्या टॅक्सींना सीएनजीकडे वळावें लागलें. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यांतून निघालेल्या त्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी, ज्यांचा शेवट २०२३ च्या ऑक्टोबरांत झाला, उतारवयांत गॅसवर धांवल्या. पण त्या पेट्रोलच्या होत्या. त्यांच्या इंजिनांत ठिणगी देणारे प्लग मुळांतच होते. डिकींत टांकी, दाब कमी करणारें यंत्र, कार्ब्युरेटरपाशीं मिश्रक, आणि ठिणगीची वेळ थोडी आधीं आणणें, एवढ्यावर भागे.

डिझेलची गोष्ट निराळी. तेथें ठिणगी नाहीं. हवा सतरा-अठरा पट दाबली जाऊन तापते व त्या उष्णतेनेंच इंधन पेटतें. डिझेलला सुमारें अडीचशें अंश पुरतात. सीएनजीला पांचशेंच्याहि वर लागतात. म्हणजे प्लग बसविण्यासाठीं हेड बदला, दाब उतरविण्यासाठीं पिस्टन बदला, आणि मग टांकी व तिचें सर्व गणगोत. दोनशें वातावरणांच्या दाबाची ती टांकी दर तीन वर्षांनीं पाण्याच्या दाबानें तपासून घ्यावी लागते, आणि त्या परीक्षेचे नियम नागपूरच्या विस्फोटक-नियंत्रकांच्या कचेरीच्या हातीं. पुतण्यानें स्वतःच आंकडेमोड केली आणि कागद घडी करून खिशांत ठेवला.

कायद्याकडेहि पाहणें भाग होतें. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम सांगतें कीं, कारखानदारानें नोंदविलेल्या तपशिलाशीं विसंगत असा फेरफार मालकानें करूं नये. इंधन बदलण्यासाठीं संमत संच बसवितां येतो, पण रीतसर, आणि फेरफाराची खबर चौदा दिवसांत देऊन. २०१९ च्या दुरुस्तीनें अनधिकृत फेरफारास दर फेरफारामागें पांच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद ठेविली. हें कलम आम्हीं काकांस मोठ्यानें वाचून दाखविलें. वहिनींच्या शेगडीपेक्षां त्याचा परिणाम अधिक झाला असावा, असा आमचा संशय आहे.

शेवटीं चालकानेंच भांडुपच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींचें नांव काढलें. मिस्त्रींनीं बॉनेट उघडण्यापूर्वीं विचारलें, “धूर कोणत्या रंगाचा?” काळा असेल तर इंधन जास्त किंवा हवा कमी, निळा असेल तर इंजिन ऑइल जळतें आहे, पांढरा असेल तर इंधन न जळतां जातें आहे किंवा पाणी झिरपतें आहे. आमचा काळा. मग त्यांनीं हवेची वाट पहिल्यापासून शेवटपर्यंत चांचपली. मुलुंडच्या रस्त्यांवर खणती चाललेली. एअर फिल्टर मातीनें चोंदला होता. टर्बोपासून निघणाऱ्या रबरी नळीस वळणावर बारीक चीर होती, दाब तेथूनच निसटत होता. चारांपैकीं दोन इंजेक्टर फवारा न मारतां थेंब गाळीत होते. आणि ईजीआर, जिच्यावर सारा आरोप होता, ती काजळीनें चिकटून अर्धी उघडी राहिली होती. तिनें सदासर्वकाळ जळका वायु आंत ढकलावा, इंजिनास हवा अपुरी पडावी, काजळी वाढावी, आणि त्या काजळीनें ती आणखी चिकटावी, असा तो फेरा.

“ही काढायची कशाला?” मिस्त्री म्हणाले. “नाक चोंदलें म्हणून कोणी नाक कापतो काय?”

तीन दिवस गाडी त्यांचेकडे होती. झडप धुऊन मोकळी केली, नळी व फिल्टर नवे घातले, दोन इंजेक्टर बदलले. कॅटचा ठोकळा शाबूत निघाला. खर्च पहिल्या गॅरेजच्या दुपटीहून जास्त आला, आणि तीन दिवस दुसरा टेंपो भाड्यानें घ्यावा लागला तो वेगळाच. काकांनीं तो आंकडा वहींत तांबड्या शाईनें लिहिला आहे. ओढ पूर्वीसारखी झाली. घोड्यासारखी झाली असें आम्ही म्हणणार नाहीं. तपासणींत आंकडा मर्यादेच्या बराच खालीं आला, आणि घटस्थापनेच्या आदल्या दिवशीं वडाळ्याहून दाखला मिळाला.

टेंपो हा शब्द आपण इतका मराठी केला आहे कीं तें मूळ एका जर्मन कंपनीचें नांव होतें हें कोणाच्या ध्यानींहि येत नाहीं. बजाज टेंपो कंपनीनें १९५८ सालीं आपल्या याच उपनगरांत, गोरेगांवास, तीनचाकी ‘हॅन्सीट’ बांधावयास आरंभ केला. पुढें १९६४ च्या सुमारास कारखाना पुण्याजवळ आकुर्डीस उभा राहिला. त्या तीनचाकींचें इंजिन दोन धांवांचें, पेट्रोलांतच तेल मिसळावें लागे, म्हणून धूर निळा. आजी म्हणतात, त्या धुरास निदान वास तरी ओळखीचा होता.

आत्याबाईंचा दमा टेंपोनें आणलेला नव्हता व टेंपोच्या दुरुस्तीनें तो गेलाहि नाहीं. रस्त्यावरचीं इतर वाहनें आहेतच. पण सकाळीं खिडकी उघडी राहते. चालकास आतां तिसऱ्या महिन्यास फिल्टर झाडण्याचा हुकूम आहे, आणि झडपेची पुढील सफाई चैत्रांत, पाडव्यानंतरच्या सोमवारीं, असें वहिनींनीं स्वयंपाकघरांतल्या कालनिर्णयावर गॅसच्या टांकीच्या तारखेखालीं लिहून ठेविलें आहे.