विश्लेषण : मुंबईतली ६ डिसेंबरची सुट्टी मिरा-भाईंदरला का लागू होत नाही?

दादरच्या चैत्यभूमीकडे निघालेले दोन मित्र. एक बोरिवलीच्या सरकारी कार्यालयातला, दुसरा हाटकेशला राहणारा महापालिका कर्मचारी. पहिल्याला सुट्टी, दुसऱ्याला मात्र रजेचा अर्ज. हा फरक कशामुळे?

२०२४चा आदेश काय होता?
डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या महापरिनिर्वाण दिनानिमित्त ६ डिसेंबर २०२४ रोजी, शुक्रवारी, राज्य सरकारने स्थानिक सुट्टी दिली. ती मुंबई शहर आणि मुंबई उपनगर या दोन जिल्ह्यांतील शासकीय, निमशासकीय कार्यालयांपुरती होती. मिरा-भाईंदर ठाणे जिल्ह्यात येते. त्यामुळे आदेशाची हद्द दहिसर चेकनाक्याला संपली.

सार्वजनिक आणि स्थानिक सुट्टीत फरक काय?
सार्वजनिक सुट्टी राज्य सरकार परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ च्या कलम २५ नुसार जाहीर करते. ती राज्यभर असते आणि बँकाही बंद राहतात. अयोध्येतील सोहळ्यासाठी २२ जानेवारी २०२४ची सुट्टी याच कलमाखाली होती. तिला आव्हान देणारी विधी विद्यार्थ्यांची याचिका मुंबई उच्च न्यायालयाने फेटाळली. स्थानिक सुट्टी जिल्ह्यापुरती असते. तिच्यामुळे बँका बंद राहत नाहीत.

महापालिकेच्या हाती काय?
महासभा सुट्टीच्या मागणीचा ठराव करून सरकारकडे पाठवू शकते. जिल्ह्याच्या स्थानिक सुट्ट्यांसाठी जिल्हाधिकाऱ्यांकडेही पाठपुरावा करता येतो.

सुट्ट्या वाढणारच का?
राज्यात वर्षाला साधारण २४ सार्वजनिक सुट्ट्या असतात. शिवाय २९ फेब्रुवारी २०२० पासून शासकीय कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा आहे. आणखी एक सुट्टी म्हणजे दाखले आणि करभरणा खिडकीसमोर नागरिकांचा आणखी एक हेलपाटा. त्यावर अदलाबदलीचा पर्याय आहे. २०२५ मध्ये गोपाळकाला आणि अनंत चतुर्दशी शनिवारी आले. तेव्हा मुंबईत त्यांच्याऐवजी नारळी पौर्णिमा आणि गौरी विसर्जनाला स्थानिक सुट्टी देण्यात आली.

पगारी सुट्टी सगळ्यांना मिळते का?
नाही. पाणीपुरवठा, अग्निशमन, रुग्णालय, सफाई ही कामे सुट्टीच्या दिवशीही चालतात. कंत्राटी कामगाराचा मालक ठेकेदार असतो, त्यामुळे सरकारी परिपत्रकाची सुट्टी त्याला आपोआप मिळत नाही. खासगी दुकाने व आस्थापनांमध्ये २० किंवा अधिक कामगार असतील तर २०१७च्या कायद्यानुसार वर्षाला ८ पगारी सुट्ट्या बंधनकारक आहेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या ठरलेल्या. उरलेल्या चार मालक आणि कामगारांनी वर्ष सुरू होण्याआधी मिळून ठरवायच्या.

म्हणजे हाटकेशच्या दुकानात काम करणाऱ्याला ६ डिसेंबरची सुट्टी हवी असेल, तर सरकारी आदेशाची वाट पाहण्याची गरज नाही. डिसेंबरपर्यंत थांबूनही चालणार नाही. ही मागणी आदल्या वर्षीच मालकापुढे ठेवावी लागेल.