आठवण कशी टिकते?

"काल सगळी अक्षरं येत होती. आज पाटी हातात घेतली, तर 'घ' कुठला आणि 'ध' कुठला तेच कळेना!" साक्षरतेच्या वर्गात हे बोलणे नेहमी ऐकू येते. त्याच्या पाठोपाठ दुसरे येते, "आता या वयात डोक्यात काय शिरणार?"

पहिले बोलणे खरे आहे. अक्षरे विसरतात. दुसरे मात्र खरे नाही. आठवण म्हणजे काय आणि ती डोक्यात कुठे व कशी राहते, याचा शोध एका माणसाने उभा जन्म घेतला. त्या माणसाची आणि त्याच्या शोधाची हकीकत आपण पाहू.

त्यांचे नाव एरिक कँडेल. युरोपात ऑस्ट्रिया नावाचा देश आहे. त्याची राजधानी व्हिएन्ना. तिथे १९२९ साली त्यांचा जन्म झाला. वडिलांचे खेळण्यांचे दुकान होते. हे घर ज्यू धर्माचे. १९३८ साली हिटलरच्या जर्मनीने ऑस्ट्रिया गिळला आणि तिथल्या ज्यू लोकांचा छळ सुरू झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरात एरिकला नऊ वर्षे पुरी झाली. वाढदिवसाला एक निळी खेळण्यातली मोटार मिळाली. दोनच दिवसांनी रात्री दारावर जोरजोराने थापा पडल्या. दारात पोलीस! घर सोडून निघा, असा हुकूम झाला. काही दिवसांनी ही मंडळी परत आली, तो घरातल्या किमती वस्तू गेल्या होत्या. ती निळी मोटारही गेली होती. पुढच्या वर्षी एरिक आणि त्याचा थोरला भाऊ बोटीने अमेरिकेला गेले. आईबाप मागून आले.

दारावरच्या त्या थापा कँडेल यांच्या मनातून म्हातारपणीही गेल्या नाहीत. आपल्या शोधाच्या वेडाचे मूळ त्या दिवसांत आहे, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. आणि खरेच, पाहा! काल गिरवलेले अक्षर आज आठवत नाही, आणि लहानपणची एक रात्र सत्तर वर्षे आठवते. असे का व्हावे?

कँडेल आधी इतिहास शिकले, मग डॉक्टर झाले. त्या सुमारास एका रोग्याची गोष्ट शास्त्रज्ञांत गाजत होती. त्या माणसाला फेफरे येत. म्हणून १९५३ साली डॉक्टरांनी त्याच्या मेंदूचा थोडा भाग काढून टाकला. फेफरे कमी झाले. पण नवी आठवण धरण्याची त्याची शक्तीच गेली. भेटलेला माणूस खोलीबाहेर जाऊन परत आला, की याला तो नवखाच वाटे! ब्रेंडा मिल्नर नावाच्या बाईंनी त्याचा बारकाईने अभ्यास केला. त्यांना आणखी एक नवल दिसले. आरशात पाहून चित्राची रेघ गिरवण्याचे काम त्या माणसाला रोज दिले, तर त्याचा हात दिवसेंदिवस सुधारत गेला. "हे मी पूर्वी केलेलंच नाही," असे तो म्हणे. पण हाताला ते येत होते. म्हणजे आठवणी एका जातीच्या नसतात. जात्यावर बसले की हात आपोआप फिरतो, सायकल वर्षांनी घेतली तरी तोल सापडतो, ही आठवण वेगळी. आणि कोण कधी भेटले, काय बोलले, ही वेगळी.

कँडेल यांनी आधी मेंदूच्या त्याच भागाकडे मोर्चा वळवला. पण माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात. पेशी म्हणजे आपले शरीर ज्यांचे बनले आहे तो अगदी लहान घटक. चेतापेशी तारेसारख्या लांबट असतात आणि एकमेकींना निरोप देतात. इतक्या गर्दीत एका आठवणीची वाट कशी सापडावी? तेव्हा त्यांनी ठरवले, की साध्यातला साधा जीव घ्यायचा.

त्यांनी निवडली समुद्रातली एक गोगलगाय! तिचे नाव ॲप्लिझिया. तिच्या पाठीवर शंख दिसत नाही, आणि ती चांगली वीतभर, कधी हातभरही वाढते. तिच्या अंगात चेतापेशी फक्त २०,००० च्या आसपास. शिवाय त्यांतल्या काही इतक्या मोठ्या, की नुसत्या डोळ्यांना दिसतात. अनेक जाणत्या शास्त्रज्ञांनी त्यांना समजावले, की गोगलगायीपासून माणसाच्या मनाविषयी काय कळणार? कँडेल यांनी ऐकले नाही. १९६२ साली ते पॅरिसला गेले आणि या प्राण्यावर काम करायला शिकले. आम्हाला या निवडीचे मोठे कौतुक वाटते. मोठा प्रश्न सुटत नसेल, तर त्याचा लहान तुकडा धरायचा, ही शेतकऱ्याचीही रीत आहे.

आता गोगलगाय शिकणार ती काय? तिच्या अंगावर पाणी सोडण्याची एक नळी असते. नळीला हलकासा स्पर्श केला, की ती आपला कल्ला चटकन आत ओढून घेते. पण पुनःपुन्हा तसाच स्पर्श केला आणि काही इजा झाली नाही, तर ती कल्ला ओढणे कमी करते. पिठाच्या गिरणीशेजारी राहणाऱ्याला गिरणीचा आवाज ऐकू येईनासा होतो ना, तसेच. याच्या उलट, तिच्या शेपटीला विजेचा झटका दिला, तर मग साध्या स्पर्शालाही ती दचकून कल्ला ओढते. दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो, तीच गत! हे झाले गोगलगायीचे शिकणे.

मग कँडेल आणि त्यांच्या सोबत्यांनी पाहिले, की हे शिकताना पेशींत काय फरक पडतो. एका पेशीचा निरोप दुसरीला मिळतो तो दोघींमधल्या सांध्यातून. तिथे एक रस सुटतो. एकच झटका दिला, तर सांधा तोच राहतो, फक्त रस जास्त सुटतो. ही आठवण काही मिनिटे टिकते आणि ओसरते. पण झटके मधे मधे वेळ ठेवून पुनःपुन्हा दिले, तर निरोप पेशीच्या गाभ्यापर्यंत जातो. तिथून नवी प्रथिने तयार करण्याचा हुकूम सुटतो, आणि पेशीला नवे सांधे फुटतात! झाडाला पालवी फुटावी तसे. या गोगलगायीच्या एका चेतापेशीला साधारण १,३०० सांधे असतात. दचकायला पक्की शिकलेल्या गोगलगायीत ते सुमारे २,७०० झाले. स्पर्शाकडे दुर्लक्ष करायला शिकलेल्या गोगलगायीत ते ८५० पर्यंत उतरले. नवी प्रथिने तयार होऊ दिली नाहीत, तर थोड्या वेळाची आठवण होते, पण टिकाऊ आठवण होत नाही.

म्हणजे शिकणे ही हवेतली गोष्ट नव्हे. शिकले की शरीरात काही तरी नवे बांधले जाते.

आता एक गोष्ट नीट लक्ष देऊन वाचा. गोगलगायीला एकाच बैठकीत ४० वेळा स्पर्श केला, तर ती शिकली, पण ते शिकणे एक दिवस टिकले. तेच रोज १० वेळा असा चार दिवस स्पर्श केला, तर ते कित्येक आठवडे टिकले. स्पर्श तेवढेच, ४०! फरक फक्त मधल्या विसाव्याचा. एका दिवसात धो धो पाऊस पडला, तर पाणी ओढ्याला वाहून जाते. तोच पाऊस चार दिवस भिजपाऊस होऊन पडला, तर जमिनीत मुरतो. तेव्हा परीक्षेच्या आदल्या रात्री कंदील लावून अख्खी बाराखडी घोकणाऱ्याला आम्ही काय सांगणार, ते उघड आहे. रोज अर्धा तास बसा, आणि कालचे आज पुन्हा गिरवा.

कँडेल पुढे उंदरांकडे वळले. उंदराच्या मेंदूचा आठवणीचा भाग माणसाच्या त्याच भागासारखा असतो. तिथेही टिकाऊ आठवणीला नवी प्रथिने लागतात, असे दिसले. २००० साली त्यांना दोन शास्त्रज्ञांबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले. तरी काम थांबले नाही. वयाची ऐंशी उलटल्यावर, २०१३ साली, त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी उतारवयातल्या विसरण्यावर एक शोध प्रसिद्ध केला. वय झाले की मेंदूच्या त्या भागात एक प्रथिन कमी पडते. म्हाताऱ्या उंदरांत ते वाढवले, तर त्यांची आठवण सुधारली. माणसासाठी याचे औषध अजून झालेले नाही, हेही सांगितले पाहिजे.

कुणी म्हणेल, गोगलगाय झाली, उंदीर झाले. वय झालेल्या माणसाचे काय? तर ऐका. लखनौजवळच्या खेड्यांत काही शास्त्रज्ञांनी एक पाहणी केली. ती २०१७ साली प्रसिद्ध झाली. शिकणाऱ्या बहुतेक स्त्रिया होत्या. सरासरी वय ३१. बहुतेकींना एक शब्दही वाचता येत नव्हता. त्यांना सहा महिने हिंदी वाचायला-लिहायला शिकवले. शिकण्याआधी आणि शिकल्यावर यंत्राने त्यांच्या मेंदूची तपासणी केली. डोळ्यांनी पाहिलेले समजून घेणारा मेंदूचा भाग आणि मेंदूच्या तळाचे खोल भाग यांचा मेळ पूर्वीपेक्षा जास्त बसला होता. जिचे वाचन जास्त सुधारले, तिच्या मेंदूत हा मेळही जास्त दिसला. त्या बाया शिकल्या ती लिपी देवनागरी होती, हीच, जी आपण आता वाचत आहात. सहा महिन्यांच्या शेवटी त्यांचे वाचन पहिलीतल्या मुलाइतके आले होते.