सैनिकांच्या डोळ्यांना होणाऱ्या इजा : कारणे, गांभीर्य आणि आपल्यासाठी बोध



नोव्हेंबर महिना आला की इथे इंग्लंडात प्रत्येकाच्या कोटावर लाल पॉपी दिसू लागते. युद्धात गेलेल्यांचे आपण स्मरण करतो. पण जे परतले आणि ज्यांची दृष्टी रणांगणावरच राहिली, त्यांच्याविषयी फारसे बोलले जात नाही. मी मुंबईत वैद्यकीय शिक्षण घेतले आणि पुढे निवृत्त होईपर्यंत इथल्या रुग्णालयांत डोळ्यांचे रुग्ण तपासले. म्हणून या अंकात हा विषय मांडते आहे. तो आपल्या घरापासून वाटतो तितका दूर नाही.

एवढासा डोळा, एवढी मोठी हानी

शरीराच्या एकूण पृष्ठभागापैकी डोळ्यांचा वाटा साधारण ०.१ टक्का असतो. माणसाला समोरून पाहिले तरी तो ०.२७ टक्क्यांहून जास्त भरत नाही. त्या हिशेबाने हजार जखमींत दोन-तीन जणांच्याच डोळ्यांना इजा व्हायला हवी. प्रत्यक्षात दोन्ही महायुद्धांत हे प्रमाण शंभरात दोनच्या आसपास होते आणि १९९१ च्या आखाती युद्धात अमेरिकन जखमींमध्ये ते १३ टक्क्यांच्या आसपास गेले.

असे का व्हावे? पहिले कारण शस्त्रांचे. हल्लीच्या युद्धात गोळीपेक्षा स्फोटाने जास्त माणसे जखमी होतात. तोफगोळा, हातबॉम्ब, सुरुंग किंवा रस्त्याकडेला पुरलेला बॉम्ब फुटला की धातूचे, दगडाचे, काचेचे, मातीचे असंख्य कण उडतात. मिलिमीटरभर आकाराचा कण गणवेशात अडकतो किंवा कातडीवर ओरखडा काढतो, जीव घेत नाही. तोच कण डोळ्यात मात्र आरपार शिरतो, कारण बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो.

दुसरे कारण असे, की छातीला चिलखत आणि डोक्याला शिरस्त्राण आले, त्यामुळे पूर्वी जे दगावले असते ते आता वाचतात. पण चेहरा उघडाच राहतो. तिसरे कारण अगदी साधे. पहारा करायचा, नेम धरायचा, तर डोळा आडोशाबाहेर काढावाच लागतो.

इजा किती गंभीर, हे कसे ठरते?

स्फोट डोळ्याला चार प्रकारे इजा करतो. हवेच्या दाबाची लाट आदळते, उडालेले कण घुसतात, माणूस फेकला जाऊन डोके आपटते, आणि ज्वाळा व रसायनांनी भाजते. यांतली सर्वाधिक हानी उडालेल्या कणांची. शिवाय कण चहूकडे उडत असल्याने अनेकदा दोन्ही डोळे एकाच वेळी जखमी होतात.

डॉक्टर सर्वांत आधी एकच गोष्ट पाहतात : डोळ्याचा गोळा फुटला आहे की शाबूत आहे? शाबूत असला तरी आत रक्त साठणे, भिंग सरकणे, मार लागून मोतीबिंदू होणे, दृष्टिपटल सुटणे हे सगळे होऊ शकते. मुका मार लागलेल्या डोळ्यात कित्येक वर्षांनी काचबिंदू उद्भवलेलाही दिसतो. गोळा फुटला असेल तर धोका फार वाढतो. जखम कॉर्नियापुरती असली तर आशा असते, पण ती जितकी मागे, दृष्टिपटलाकडे जाते, तितकी दृष्टी परतण्याची शक्यता कमी होते. इजेनंतर पहिल्या तपासणीत रुग्णाला किती दिसते, यावरून पुढचा अंदाज बराचसा बांधता येतो.

आत राहिलेला कणही महत्त्वाचा. काच बरीच वर्षे निमूट बसून राहू शकते. लोखंड मात्र गंजते आणि हळूहळू दृष्टिपटल निकामी करते. मातीबरोबर जंतू गेले तर एक-दोन दिवसांत डोळा पुवाने भरतो. कधीकधी, आता क्वचितच, एक डोळा फुटल्यावर शरीराची प्रतिकारशक्तीच बिथरते आणि धडधाकट असलेल्या दुसऱ्या डोळ्यावर हल्ला करते. म्हणून पूर्वी वाचण्याची आशा नसलेला डोळा दोन आठवड्यांच्या आत काढून टाकण्याची प्रथा होती.

विषारी वायूची कथा वेगळी. १९१७ च्या जुलैमध्ये बेल्जियममधील ईप्र येथे प्रथम मस्टर्ड वायू वापरला गेला. डोळ्यांवर पट्ट्या बांधलेले, एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून चाललेले सैनिक सार्जंट या चित्रकाराने रंगवले. ते चित्र लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमच्या संग्रहात आहे. त्या वायूने आंधळे झालेल्या बहुतेकांना काही आठवड्यांत पुन्हा दिसू लागले, पण काहींच्या कॉर्नियावर अनेक वर्षांनी पुन्हा व्रण उठले.

या दुःखातून आलेले दोन वारसे

पहिला वारसा पुनर्वसनाचा. आर्थर पिअर्सन हे वृत्तपत्रांचे मालक काचबिंदूने अंध झाले होते. त्यांनी १९१५ साली लंडनमध्ये अंध सैनिकांसाठी सेंट डन्स्टन्स ही संस्था काढली. त्यांचे सूत्र असे, की या तरुणांना दया नको, काम शिकवा. गॅलिपोलीच्या लढाईत दृष्टी गमावलेला न्यूझीलंडचा क्लुथा मॅकेन्झी तिथेच शिकला आणि दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात आला. १९४३ साली डेहराडूनला अंध हिंदी सैनिकांसाठी सेंट डन्स्टन्सचे वसतिगृह सुरू झाले, त्यामागे त्याचेच परिश्रम होते. आज डेहराडूनला दृष्टिहीनांसाठी जी राष्ट्रीय संस्था आहे, तिचे मूळ त्या वसतिगृहात आहे.

दुसरा वारसा तुमच्यापैकी अनेकांच्या डोळ्यात आहे. ऑगस्ट १९४० मध्ये गॉर्डन क्लीव्हर या वैमानिकाच्या विमानाचे पर्स्पेक्सचे छत गोळ्यांनी फुटले आणि त्याचे तुकडे त्याच्या दोन्ही डोळ्यांत गेले. एक डोळा कायमचा गेला. पुढे हॅरॉल्ड रिडली या नेत्रशल्यविशारदाच्या लक्षात आले, की अशा वैमानिकांच्या डोळ्यात पर्स्पेक्सचे तुकडे राहूनही डोळा चिडत नाही. मग मोतीबिंदू काढल्यावर त्याच पदार्थाचे भिंग आत का बसवू नये? नोव्हेंबर १९४९ मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांनी ते करून दाखवले. बरीच वर्षे समव्यवसायींनी विरोध केला. आज मोतीबिंदूनंतर भिंग बसवणे ही रोजची बाब झाली आहे. क्लीव्हरलाही म्हातारपणी वाचलेल्या डोळ्यात असेच भिंग बसले.

आपण काय करावे?

सैनिकांना आता पॉलिकार्बोनेटचे चष्मे देतात. ते बारीक कण थोपवतात, पण वाफ धरतात, चरे पडतात, म्हणून काढून ठेवले जातात. आणि काढलेला चष्मा डोळा वाचवत नाही. आपली दिवाळी आणि इथली बॉनफायर नाइट मागेपुढेच येतात. फटाका म्हणजे लहानसा स्फोटच. जखमींत नुसते पाहायला उभे असलेलेही पुष्कळ असतात. फुलबाजीचे टोक हजार अंशांच्या वर तापते, म्हणून पाच वर्षांखालील नातवंडांच्या हाती ती देऊ नये. कुंपण कापताना, भिंतीत भोक पाडताना स्वतःही संरक्षक गॉगल घालावा. साधा चष्मा पुरत नाही.

इजा झालीच, तर सैनिकांसाठीचे नियम आपल्यालाही लागू आहेत :

१. डोळा चोळू नका, दाबू नका, घट्ट पट्टी बांधू नका.
२. आत रुतलेली वस्तू काढू नका. डोळा फुटल्याची शंका असेल तर पाणी, थेंब, मलम, तूप, गुलाबपाणी काहीही घालू नका.
३. कागदी पेल्याचा तळ डोळ्याभोवतीच्या हाडावर टेकेल असा झाकणासारखा ठेवा आणि वरून हलकेच चिकटपट्टी लावा.
४. वेदनेसाठी अॅस्पिरिन, आयबुप्रोफेन देऊ नका, रक्तस्राव वाढतो.
५. थेट ए अँड ई गाठा. जीपीच्या वेळेची वाट पाहू नका.

डोळ्यात रसायन उडाले तर मात्र उलट : नळाखाली भरपूर पाण्याने लगेच धुवा, मग रुग्णालयात जा.

शेवटी एक विनंती. व्रणांनी पांढरा पडलेला कॉर्निया बदलता येतो, सैनिकाचा असो वा कामगाराचा. त्यासाठी कोणीतरी तो द्यावा लागतो. इथे अनेक जण अवयवदानाच्या नोंदणीत सगळे देतात आणि डोळे तेवढे वगळतात. वय झाले, चष्मा आहे, मोतीबिंदू काढला आहे, एवढ्यावरून आपले डोळे निरुपयोगी ठरत नाहीत. बहुतेक कर्करोगांतही कॉर्निया देता येतो. चेहरा विद्रूप होत नाही, अंत्यदर्शन घेता येते. मात्र मृत्यूनंतर २४ तासांच्या आत हे व्हावे लागते, आणि रुग्णालय घरच्यांना विचारतेच. त्या घडीला मुलांवर निर्णयाचा भार पडू नये, म्हणून आपली इच्छा काय ती आजच त्यांच्या कानावर घाला.

आपली नम्र,
मंदिर परिवारातील एक निवृत्त डॉक्टर