खोपीतल्या पोराची नोंद कुठे?



हंगाम तोंडावर आला की आम्ही मुकादमांशी करार करतो, कोयते मोजतो. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. त्यांच्याबरोबर खोपीत येणारे पोर मात्र आमच्या कुठल्याच यादीत नसते.

बीड-पाथर्डीकडच्या टोळ्या दिवाळीच्या सुमारास निघतात. काही इथे उतरतात, काही पुढे बेळगाव भागात. परत जायला चैत्र उजाडतो. बाळाच्या लसी सहाव्या, दहाव्या, चौदाव्या आठवड्याला, मग नवव्या महिन्यात. हिशोब तुम्हीच करा! गावाकडची नर्सबाई वहीत 'बाहेरगावी' लिहिते, इकडचीला पोर आल्याचा पत्ता नसतो.

गेल्या हंगामात गाडीतळावरची एक बाई तान्हे घेऊन गट ऑफिसात आली.

"कार्ड कुठंय?"

"घरी ऱ्हायलं, पेटीत."

कोणता डोस झाला, तिला सांगता येईना. शेवटी आमच्या चिटबॉयने तिच्या गावच्या आशाताईंना फोन लावला, नोंद सापडली, दुसऱ्या दिवशी लस झाली. त्याला सुचले म्हणून!

सरकारी केंद्रात लस फुकट मिळते, मग गाव कुठलेही असो. डोस चुकला तरी पहिल्यापासून सुरुवात नसते, राहिलेला तेवढा द्यायचा. म्हणून यंदा करारावेळीच गरोदर बाया, लहान मुले आणि गावच्या आशाताईंचा नंबर लिहून घेऊन ती यादी टोळी उतरेल तिथल्या आरोग्य केंद्राला द्यावी, असे आम्ही संचालक मंडळापुढे मांडले आहे. राहिला प्रश्न खाड्याचा. लसीच्या दिवशी बाई फडात दोन तास उशिरा आली, तर मुकादमाने खाडा धरू नये. ज्यांच्या शेतात तोड चालू असेल त्या सभासदांनी हे मुकादमाला स्वतः सांगावे. आमच्यापेक्षा तुमचे तो लवकर ऐकतो.