दोन याद्या जुळल्या, असं केव्हा म्हणावं?

मंडळी, शिष्यवृत्तीसाठी मुलांची नावं पाठवायची आहेत, असं समजा. एक यादी हजेरीपटावरून केली, दुसरी जनरल रजिस्टरावरून. दोन्हींत तीच ४० मुलं. गुरुजी नजर फिरवून म्हणतील, "जुळलं." संगणक मात्र "जुळत नाही" म्हणू शकतो. त्यात यंत्राचा दोष नाही. सारखं कशाला म्हणायचं, हे आपणच त्याला सांगितलेलं नसतं.

१९९५ साली आलेल्या जावा या संगणकभाषेचं उदाहरण घेऊ. तिच्यात प्रत्येक मुलाची माहिती ही एक 'ऑब्जेक्ट', म्हणजे वस्तू, धरतात. एकाच मुलाची माहिती दोन कागदांवर उतरवली, तर मूल एक पण कागद दोन; तसंच हे. अशा वस्तू ताडून पाहण्यासाठी 'इक्वल्स' नावाची रीत असते. ती आपण लिहून दिली नाही, तर यंत्र कागद तोच आहे का, एवढंच पाहतं.

मग ती लिहावी कशी? नुसत्या नावावरून लिहिली आणि शाळेत एकाच नावाच्या दोन मुली असल्या, तर यंत्र दोघींना एकच समजेल. एकीची शिष्यवृत्ती बुडेल! म्हणून नावावर न जाता रजिस्टर नंबर धरावा.

दुसरा प्रश्न क्रमाचा. जावातली 'लिस्ट' क्रमही ताडते. पहिल्यासमोर पहिला, दुसऱ्यासमोर दुसरा. गुणवत्तायादीला तेच हवं. 'सेट' क्रम पाहत नाही आणि सारखी वस्तू एकदाच ठेवतो. शिष्यवृत्तीच्या नावांना तो बरा. पण वाचनालयातल्या एकाच पुस्तकाच्या दोन प्रती मोजायच्या असतील, तर तो कामाचा नाही. आणि लिस्टसमोर सेट ठेवला, तर आत तेच असूनही उत्तर "नाही" असंच येईल.

एक सावधगिरी सांगतो. 'हॅशसेट' हा सेटचा प्रकार टपाल कचेरीसारखे कप्पे करून वस्तू ठेवतो. कप्पा ठरतो 'हॅशकोड' या आकड्यावरून. इक्वल्स ज्या नंबरावर बेतली, त्यावरच हॅशकोडही बेतावा. नाहीतर पत्र एका कप्प्यात आणि शोध दुसऱ्यात, अशी गत व्हायची.

तेव्हा याद्या यंत्राच्या हाती देण्याआधी स्वतःलाच दोन प्रश्न विचारा : एक माणूस दुसऱ्यापासून कशाने वेगळा ओळखायचा? आणि क्रमाला व संख्येला इथे महत्त्व आहे का? याची उत्तरं आपण द्यायची. ताडून पाहणं तेवढं यंत्राचं.