खंड्याचे वाळवण

उन्हाळा सुरू झाला की आपल्याकडे गच्चीवर, अंगणात वाळवणे पडतात. कुरडया, सांडगे, पापड, साबुदाण्याच्या चकल्या. आमच्या शाळेच्या गच्चीवर मात्र दोन वर्षांपासून एक बाज कुत्र्याच्या वाळवणाची असते.

कुत्र्याचे नाव खंड्या. तो कुणाचाच नाही, म्हणजे सगळ्या शाळेचा आहे. मधल्या सुट्टीत मुले त्याला डब्यातले काहीबाही टाकत: फरसाण, खारी, कधी लोणच्याची फोडसुद्धा. एकदा सातवीतल्या एका मुलाने शहरातून कुत्र्यांच्या खाऊचे छापील पाकीट आणले. त्यावरच्या किमतीवरून किलोचा भाव काढायला आम्ही वर्गाला सांगितले, तर तो बदामापेक्षा जास्त निघाला! आत होत्या वाळवलेल्या रताळ्याच्या चकत्या. महाशिवरात्र उलटली की बाजारात रताळी स्वस्त होतात. तेव्हा आपणच करून पाहू, असे ठरले.

पण कुत्रा मांसाहारी ना, त्याला रताळे पचेल का? मुलांनी हा प्रश्न लगेच विचारला. पोळी चावत राहिले की गोड लागते, कारण लाळेतील विकर स्टार्चचे साखरेत रूपांतर करते, हा प्रयोग आपण वर्गात करतोच. कुत्र्याच्या लाळेत हे विकर जवळजवळ नसते. त्याचे स्टार्च पुढे लहान आतड्यात, स्वादुपिंडातून येणाऱ्या विकरामुळे पचते. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ साली लांडगे आणि कुत्रे यांच्या जनुकांची तुलना प्रसिद्ध केली. हे विकर तयार करणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती आढळल्या, तर कुत्र्यांत ४ पासून ३० पर्यंत. माणसाच्या उष्ट्यावर हजारो वर्षे वाढलेल्या प्राण्याच्या शरीरात झालेला हा बदल आहे. कुत्र्याला गोड चवही कळते (मांजराला कळत नाही). मात्र कच्चे स्टार्च त्याला नीट पचत नाही, म्हणून रताळे आधी उकडून घ्यायचे. अगदी मऊ नको, सुरी जाईल इतपतच, नाहीतर चकत्या मोडतात.

पहिल्या वर्षी आम्ही एक किलो सोललेली रताळी घेतली, अर्धवट उकडली, करंगळीएवढ्या जाड चकत्या विळीवर कापल्या आणि उन्हात टाकल्या. दोन दिवसांत त्या वरून कडक झाल्या, दाबल्या तर टणक लागल्या. झाले वाळवण, असे समजून आम्ही त्या बरणीत भरल्या. पंधरा दिवसांनी बरणी उघडली तर कुबट वास आला, आणि मधल्या चकत्यांवर हिरवट-पांढरी लव दिसली. खंड्याला काही दिले नव्हते. पण एका मुलीने आदल्याच दिवशी वरच्या दोन-तीन चकत्या घरच्या कुत्र्यासाठी नेल्या होत्या. त्या कुत्र्याला काही झाले नाही, हे कळेपर्यंतचे चार दिवस आमचे बरे गेले नाहीत.

आमचे चुकले कुठे, ते एका विद्यार्थ्याच्या वहीत सापडले. वस्तुमानाचा उपक्रम म्हणून तो रोज वजन लिहीत होता. बरणीत भरताना चकत्या ४१० ग्रॅम होत्या. आता हिशोब पाहू. आपल्याकडील रताळ्यात साधारण ७० टक्के पाणी असते. म्हणजे एक किलोत ७०० ग्रॅम पाणी आणि ३०० ग्रॅम इतर सारे. उन्हाने जाते ते पाणी, ३०० ग्रॅम तसेच राहतात. ४१० मधून ३०० वजा केले की ११० ग्रॅम पाणी अजून आतच होते. हे झाले २७ टक्के! हाताला कडकडीत लागणाऱ्या चकतीत एक चतुर्थांशाहून जास्त पाणी होते. पाणी १० टक्क्यांवर आणायचे तर वजन ३३३ ग्रॅमच्या आसपास यायला हवे होते. बोटांनी जे कळले नाही, ते तराजूने सांगितले असते.

मग एका शिक्षिकेने शंका काढली. आमचे सांडगे कुणी तोलून बघत नाही, ते कसे टिकतात? याचे उत्तर फार महत्त्वाचे आहे. पदार्थ नासतो तो नुसत्या पाण्यामुळे नव्हे, तर सूक्ष्मजीवांना वापरता येईल अशा मोकळ्या पाण्यामुळे. मधात सुमारे १८ टक्के पाणी असते, पण ते साखरेने धरून ठेवलेले असते, म्हणून मध टिकतो. मीठही हेच काम करते. या मोकळेपणाला शास्त्रज्ञ ० ते १ असा अंक देतात, शुद्ध पाण्याचा अंक १. अंक ०.९ च्या खाली गेला की बहुतेक जिवाणूंची वाढ थांबते. बुरश्या चिवट असतात. त्यांपैकी बऱ्याच ०.८ लाही वाढतात, आणि ०.६ च्या खाली मात्र कोणीच वाढत नाही. सांडग्यात, पापडात आपण मीठ घालतो, म्हणजे निम्मे काम मीठच करते. कुत्र्याच्या खाऊत मीठ, तिखट, पापडखार काहीच घालायचे नाही. सगळा भार वाळवण्यावर येतो. म्हणून आईचा अंदाज इथे पुरत नाही.

बुरशीची एवढी धास्ती कशासाठी, असे कुणाला वाटेल. १९७४ च्या अखेरीस राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातेतील पंचमहाल या जिल्ह्यांतील दीडशेहून अधिक गावांत काविळीची एक विचित्र साथ आली. सुमारे ४०० माणसे आजारी पडली आणि १०६ दगावली. त्याच गावांत कुत्र्यांनाही कावीळ होत होती, त्यांची पोटे पाण्याने फुगत होती. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी शोध घेतला तेव्हा दोषी ठरला मका. अवकाळी पावसात भिजलेल्या, नीट न वाळलेल्या मक्यावर अ‍ॅस्परजिलस ही बुरशी वाढली होती, आणि तिने तयार केलेले अ‍ॅफ्लाटॉक्सिन हे विष यकृतावर घाला घालत होते. माणसे आणि कुत्रे एकच अन्न खात होते. या विषाच्या बाबतीत कुत्रा फार नाजूक असतो. शिवाय हे विष नेहमीच्या शिजवण्या-भाजण्याने जात नाही. तेव्हा बुरशी पुसून किंवा पुन्हा ऊन दाखवून भागत नाही. आम्ही ती सारी बरणी पुरून टाकली.

दुसऱ्या वर्षी दोन गोष्टी बदलल्या. पहिली जाडी. चकती दुप्पट जाड झाली की वाळायला वेळ दुप्पट नव्हे, तर सुमारे चौपट लागतो. कारण बाहेर काढायचे पाणीही दुप्पट असते आणि त्याला कापायचे अंतरही दुप्पट. या वेळी चकत्या तीन मिलिमीटरच्या केल्या, म्हणजे वेफर्सपेक्षा जाड, पण करंगळीच्या निम्म्याहूनही कमी. दुसरी गोष्ट बाज. जमिनीवर टाकलेल्या वाळवणाला खालून वारा लागत नाही. बाजेवर जुन्या धोतराचे पातळ कापड ताणून त्यावर चकत्या पसरल्या आणि वरून तसेच कापड झाकले. त्याने माश्या दूर राहतात आणि थेट उन्हाने नारिंगी रंगद्रव्याची, म्हणजे कॅरोटिनची, नासाडीही कमी होते. लाल भोपळा किंवा गाजर वाळवणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे, कारण कॅरोटिनपासून कुत्रा आपल्यासारखाच अ जीवनसत्त्व तयार करतो.

रोज संध्याकाळी तोलायचे आणि डबा बंद करून आत ठेवायचे. रात्री बाहेर राहिले तर दिवसा गेलेले पाणी दवातून परत येते. आमचे आकडे असे: सुरुवात १००० ग्रॅम, मग ४७०, ३६२, ३४० आणि चौथ्या दिवशी ३३७. लागोपाठ दोन वजने जवळपास सारखी आली की थांबायचे.

सारखी आली म्हणजे वाळले, असे मात्र सर्वत्र म्हणता येणार नाही. यात एक खोच आहे. पदार्थ हवेत कितीही दिवस ठेवला तरी त्याचा अंक हवेच्या सापेक्ष आर्द्रतेपर्यंतच उतरतो. देशावर मार्च-एप्रिलच्या दुपारी आर्द्रता २०-३० टक्क्यांवर येते, तिथे चकत्या खुशाल ०.६ च्या खाली जातात. कोकणच्या किनाऱ्यावर, जिथे हवा ७०-८० टक्के दमट, तिथे चकती ०.७-०.८ वर येऊन थांबेल. वजन स्थिर दिसेल, आणि बुरशी तरीही येईल. तिथल्या शिक्षकांनी शेवटचा हात विस्तवाचा द्यावा: चूल विझल्यावर उबदार वैलावर ताट ठेवावे, किंवा मंद आचेची भट्टी वापरावी. पावसाळ्यात हा उद्योग कुणीच करू नये. आपला सादळलेला पापड विस्तवावर पुन्हा भाजता येतो, सादळलेली चकती खंड्याला द्यायची नाही.

बरणीत भरल्यावर आठवडाभर रोज हलवून काचेच्या आतल्या बाजूस दमट धुके दिसते का पाहावे. दिसले तर लगेच पुन्हा उन्हात.

मुलांचा उत्साह वाढला की ती म्हणतात, आता कांद्याच्या चकत्या करू, मनुके घालू. इथे ठाम नाही म्हणावे. वाळवल्याने पाणी जाते, विष जात नाही. कांदा-लसणातील गंधकयुक्त द्रव्ये कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. शरीराच्या दर किलो वजनामागे १५ ते ३० ग्रॅम ओला कांदा अपाय करू शकतो. दहा किलोच्या कुत्र्याला हे झाले १५० ग्रॅम, दीड-दोन कांदे. तेच वाळवले की वीस ग्रॅमही भरत नाहीत! द्राक्षांनी काही कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी होतात, मनुक्यांनीही. २०२१ पासून पशुवैद्यांचा रोख टार्टारिक आम्लाकडे आहे. हे आम्ल चिंचेत भरपूर असते, म्हणून चिंचगोळीही नको.

आणि किती द्यायचे? ३३७ ग्रॅम चकत्यांत मूळच्या एक किलो रताळ्याचे सगळे, म्हणजे सुमारे १२०० कॅलरी उष्मांक आहेत. दर ग्रॅमला साडेतीन, जवळजवळ ज्वारीच्या पिठाइतके. दहा किलोच्या कुत्र्याला दिवसाला ६०० च्या आसपास पुरतात आणि खाऊ त्याच्या दहाव्या हिश्शाहून जास्त नसावा. म्हणजे सतरा ग्रॅम, आमच्या चकत्यांच्या हिशोबाने सहा-सात. हा खाऊ आहे, जेवण नव्हे. चकती चिवट असते, अधाशी कुत्रा ती अख्खी गिळतो. तेव्हा मोडून द्यावी, आणि मुलांनी ती ओळखीच्या कुत्र्यापुढे जमिनीवर ठेवून मागे सरावे.

यंदा गाजरेही केली. गाजरात ८८ टक्के पाणी, तेव्हा किलोमागे किती ग्रॅम उरतील हे मुलांनी आधीच मांडले: १३३. तराजूवर १३६ आले, सारा वर्ग खूश. खंड्याने मात्र गाजराची चकती हुंगली, एकदा जिभेने उलटून पाहिली, आणि तो रताळ्याच्या बरणीपाशी जाऊन बसला.